२९० किलो म्हणजे किती नग? स्टोअर्समधल्या काकांना पत्र

ती. स्व. काकांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं व्हॉट्सअ‍ॅप तुमची नात उघडते, आणि समोर येऊन आभार मानले तर "जा जा, बस सुटेल" म्हणून हाकलून द्याल. म्हणून हे असं चारचौघांत लिहितेय. नात वाचून दाखवेल. तुमचं नाव लिहीत नाही, कंपनीचंही नाही.

जूनमध्ये आमचं अप्रेंटिसशिपचं वर्ष संपलं. कॉन्फरन्स रूममध्ये समोसा, वेफर्स आणि एकेक गुलाब मिळाला. एचआरच्या मॅडमनी 'मेंटॉर' लोकांची नावं वाचली, टाळ्या झाल्या. माझे मेंटॉर भला माणूस. वर्षात दोनदा भेटले. एकदा फॉर्मवर सही करायला आणि एकदा त्या सहीखालची तारीख दुरुस्त करायला. त्यांच्यावर राग नाही, त्यांच्या डोक्यावर तीन खात्यांचं क्लोजिंग होतं. पण टाळ्या वाजवताना मला तुमच्या स्टोअर्समधलं ते लोखंडी स्टूल आठवत होतं. तुम्ही मार्चअखेर रिटायर झाला होतात, आणि नसता झालात तरी त्या यादीत तुमचं नाव आलं नसतं. मी अकाउंट्सची, तुम्ही स्टोअर्सचे. कागदोपत्री आपला संबंधच नव्हता.

बी.कॉम.चा निकाल लागल्यावर घरी सांगितलं की मोठ्या कंपनीत लागले, तेव्हा आजीनं बडोद्याच्या दांडिया बाजारात ओळखीच्या चार घरी पेढे वाटले. 'अप्रेंटिस' म्हणजे काय ते तिला विचारावंसं वाटलं नाही आणि मलाही सांगावंसं वाटलं नाही. खरं तर मलाच नीट ठाऊक नव्हतं. हा अप्रेंटिसचा कायदा १९६१ चा. आमच्यासारख्या कॉमर्सवाल्यांना त्याचं दार उघडलं ते २०१४ च्या दुरुस्तीनंतर. त्यात स्वच्छ लिहिलंय की अप्रेंटिस हा शिकणारा, कामगार नव्हे. वर्ष संपल्यावर नोकरी देणं मालकावर बंधनकारक नाही. पीएफ नाही. पदवीधराला तेव्हा किमान नऊ हजार रुपये स्टायपेंड, त्यातले निम्मे केंद्र सरकार सोसायचं. हे सगळं मी सही केल्यावर वाचलं, न्यायमंदिरासमोर कंपनीच्या बसची वाट बघत, मोबाइलवर.

पहिल्या महिन्यात मला खुर्ची नव्हती. जो रजेवर त्याच्या जागी बसायचं. तो दुपारी हाफ-डे करून आला की आपली बाटली उचलून दुसरीकडे. आयकार्डची दोरी कर्मचाऱ्यांची निळी, आमची पिवळी. कॅन्टीनच्या रांगेत ती पिवळी दोरी लोक आधी बघतात आणि तोंड मागाहून. सॅपचं, म्हणजे कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं, लॉगिन तिसऱ्या आठवड्यात आलं, तेही फक्त बघण्यापुरतं. तोवर मी जुनी बिलं पंच करून फायलीत लावली. इतकं सरळ पंचिंग या शहरात कुणी केलं नसेल.

तुमची माझी ओळख त्या फायलींमुळेच झाली. जीआरएनच्या (माल मिळाल्याच्या नोंदीच्या) प्रती मागायला स्टोअर्समध्ये आले आणि सवयीनं गुजरातीत "भाई, जरा आपो ने" म्हटलं. तुम्ही चष्म्यावरून कार्डावरचं आडनाव वाचलंत आणि मराठीत म्हणालात, "आधी बस. उभ्यानं कागद मागायचे नसतात." दीड महिन्यात मला बस म्हणणारे तुम्ही पहिले. खुर्चीचं रडगाणं मी तिथंच गायले. तेव्हा तुमचं ते ठेवणीतलं उदाहरण निघालं: कवळाण्याहून १८७५ मध्ये आणलेला बारा वर्षांचा गोपाळराव, तोही सहा वर्षं अप्रेंटिसच होता, कारभार हाती मिळाला तो १८८१ च्या डिसेंबरात. मी म्हटलं, "काका, सयाजीरावांना खुर्ची पहिल्या दिवशी दिली होती." तुम्ही इतके हसलात की फोर्कलिफ्टवाला आत डोकावून गेला. बडोद्यातल्या मराठी माणसाला कुठलीही अडचण सांगा, दोन मिनिटांत महाराज येतातच.

आता बोल्टची गोष्ट. ती तुम्ही विसरला असाल, मी नाही.

ऑगस्टपर्यंत माझ्याकडे अडकलेल्या बिलांची यादी आली होती. काम सोपं सांगितलं होतं: पीओ (खरेदीची ऑर्डर), जीआरएन आणि बिल, तिन्ही जुळले की बिल पुढे, नाही जुळले की परत. मकरपुरा जीआयडीसीतल्या एका लहान कारखानदाराचं ८ जुलैचं बिल होतं. एम-१२ चे बोल्ट, ५,००० नग, नऊ रुपयांनी पंचेचाळीस हजार, अठरा टक्के जीएसटी धरून ५३,१०० रुपये. पीओतही ५,००० नग. जीआरएनमध्ये मात्र आलेला माल २९०. म्हणजे ४,७१० कमी. मी 'क्वांटिटी मिसमॅच, काइंडली क्लॅरिफाय' असं लिहून बिल परत पाठवलं. ते डिलिव्हरी चलनाची प्रत जोडून पुन्हा आलं. मी तोच शेरा कॉपी-पेस्ट करून पुन्हा पाठवलं. त्या दिवशी मी असली एकवीस बिलं उडवली आणि यादी कमी झाली म्हणून मला शाबासकीही मिळाली.

मग ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्री नदीला पूर आला. धोक्याची खूण २५ फुटांची, पाणी पस्तिसाच्या वर. तीन-चार दिवस कसली बस आणि कसलं ऑफिस. आमच्या वाड्यात सगळे मोबाइलवर मगरींचे व्हिडिओ बघत बसलेले. सप्टेंबरात गेटवरून इंटरकॉम आला, "कुणी व्हेंडर तुमचं नाव घेऊन उभे आहेत." माझं नाव! शेऱ्याखाली छापलेलं असतं ना. बोल्टच्या बिलवाले ते कारखानदार, साठीचे गृहस्थ, प्लास्टिकच्या पिशवीत कागद. घर समा भागात, तळमजला पाण्यात गेलेला. आवाज न चढवता एवढंच म्हणाले, "बेन, माल पूरो आप्यो छे." माल पुरा दिलाय.

मला काही सुचेना. साहेब मीटिंगमध्ये. मी त्यांना गेटवर बसवून तुमच्याकडे पळत आले. वाटलं होतं तुम्ही सिस्टिममध्ये काहीतरी बघून सांगाल. तुम्ही रॅकवरून खोकं उतरवलंत आणि माझ्यापुढे ठेवलंत. "शंभर मोज."

तेलात बुडवलेले बोल्ट होते. दहा-दहाचे ढीग लावत गेले, नव्वदच्या पुढं चुकले, पुन्हा पहिल्यापासून. ओढणीला लागलेलं ते तेल अजून गेलेलं नाही. शंभर झाल्यावर तुम्ही ते काट्यावर ठेवलेत. पाच किलो आठशे ग्रॅम. मी मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडेपर्यंत तुम्ही म्हणालात, "दोनशे नव्वद भागिले पाच पॉइंट आठ. पन्नास. पन्नास शेकडे. किती झाले?"

पाच हजार. माल पुरा होता. रात्रपाळीच्या पोरानं मोजण्याऐवजी वजन केलं होतं आणि किलोचा आकडा नगांच्या रकान्यात टाकला होता. तुम्ही खिशातली डायरी काढून नोंद केलीत (आकडे गुजरातीत, त्या पोराबद्दलचा शेरा मराठीत, तो इथं लिहीत नाही) आणि स्वतः माझ्यासोबत गेटपर्यंत चालत आलात. त्या गृहस्थांना म्हणालात, "भूल अमारी छे." मी बाजूला उभी. 'अमारी'मध्ये तुम्ही मलाही धरलं होतंत की वगळलं होतंत, मी विचारलं नाही.

परत येताना तुम्ही मला ओरडला नाहीत. फक्त विचारलंत की स्टोअर्स तुझ्या टेबलापासून किती लांब आहे. चार मिनिटं, काका. मी नंतर घड्याळ लावून चालून बघितलं.

त्याच संध्याकाळी सॅपमध्ये एकशेदोनचा कोड मारून जुनी जीआरएन उलटवली, एकशेएकच्या कोडनं नवी केली, बिल सुटलं, आणि शुक्रवारच्या पेमेंट रनमध्ये पैसे गेले. लाजिरवाणी गोष्ट पुढची आहे. लहान उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचे, हा लहान उद्योगांसाठीचा २००६ चा एमएसएमईडी कायदा मला पाठ होता. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज. आणि आयकराच्या तेव्हाच्या ४३बी(एच) कलमाप्रमाणे मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष ज्या वर्षी देऊ त्याच वर्षीच्या खर्चात धरता यायची, म्हणजे देणं वर्षअखेरीपुढं गेलं तर कंपनीचाही तोटा. परीक्षेत विचारलं असतं तर पाचपैकी पाच मिळवले असते. तेच कलम दोन महिने माझ्या टेबलावर पडून होतं आणि मी त्याच्यावर 'मिसमॅच' लिहीत होते. त्या गृहस्थांनी व्याज मागितलं नाही. कुणीच मागत नाही. पुढची ऑर्डर हवी असते.

त्यानंतर मी दर मंगळवारी दुपारी यादी घेऊन तुमच्याकडे येऊ लागले. एकवीसपैकी नऊ बिलांत खोट आमच्याकडचीच निघाली: कुठं बॉक्स आणि नग, कुठं माल आलेला पण क्वालिटीच्या सहीसाठी पडून, एका ठिकाणी तर पीओच जुन्या दराची. साहेबांना आधी वाटलं मी टाइमपास करायला स्टोअर्समध्ये जाते. तुम्ही त्यांना काय सांगितलंत ते मला कधीच कळलं नाही, पण पुढच्या आठवड्यात त्यांनी मला खुर्ची दिली. चाक मोडकं होतं. तुमच्या माणसानं ते बसवून दिलं.

बाकी तुम्ही शिकवलेलं किती लिहू? काटा रोज सकाळी रिकामा बघायचा. ड्रायव्हरला आधी पाणी, मग चलन. सही करायच्या आधी कागदाची मागची बाजू. आणि तुमच्या डब्यातली ती शेंगदाण्याची चटणी, जिच्यासाठी मी कॅन्टीनची रांग आणि पिवळी दोरी दोन्ही सोडली.

कंपनीनं मला घेतलं नाही. आमच्यातल्या तिघांना घेतलं, ते तिघंही योग्य होते. मला महिनाभर वाईट वाटलं, मग मकरपुऱ्यातच एका पंचवीस माणसांच्या कारखान्यात लागले. आता मी पलीकडच्या बाजूला आहे. मोठ्या कंपन्यांना फोन करून "आमचं बिल का अडकलंय?" विचारणं हे माझं काम. परवा एका ठिकाणाहून 'क्वांटिटी मिसमॅच' आलं. पाठवणारीचं नाव खाली छापलेलं होतं. मी तिला फोन केला आणि पहिल्यांदा विचारलं की तुझ्याकडे सॅपचं लॉगिन आलंय का. नव्हतं आलं, बिचारीचं.

असो. तुमच्या नातीकडून कळलं की पेन्शनचा १०-डी फॉर्म परत आला, आधार आणि पीएफच्या रेकॉर्डमधली जन्मतारीख जुळत नाही म्हणून, आणि तुम्ही तो कपाटात टाकून दिलात. काका, तुम्ही? शाळेचा दाखला, आधार आणि ते परत आलेलं पाकीट काढून ठेवा. पाकीट फेकू नका, शेरा मला बघायचाय. रविवारी दहाला येते. चटणी असेल तर भाकरी मी आणीन.

तुमची,
अकाउंट्सची पिवळ्या दोरीवाली