नंबर प्लेटचा दंड आमच्या दुकानात येऊन करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात आतल्या पानावर छोटी बातमी होती, फॅन्सी नंबर प्लेट आणि काळ्या कव्हरवाल्या गाड्यांवर कारवाई झाली म्हणून, पोलिसांनी चौकात पोरांच्या गाड्या अडवल्या, दंड केला, सोबत फोटो पण होता. चांगलं झालं, व्हायलाच पाहिजे. पण ती बातमी वाचल्यापासून डोक्यातून विषय जात नाहीये म्हणून लिहायला बसलोय, कारण या विषयात मी बाहेरचा माणूस नाही. सातारा जिल्ह्यात माझं रेडियमचं दुकान आहे, एकोणीस वर्षं झाली. त्या फोटोतल्या पोरांच्या गाडीवर जे लागलेलं होतं ते कुठल्यातरी माझ्यासारख्याच दुकानात तयार झालेलं होतं, आणि त्या दुकानाचं नाव बातमीत कुठंच नव्हतं.

आधी स्वतःचं सांगतो. ४१४१ नंबर आला की त्याचा दादा करायचा, चारचं पोट गोल करून खाली शेपूट काढली की द होतो आणि एकाचा काना. २१४ चा राम. ८०५५ चं इंग्रजीत बॉस. हे सगळं मी केलंय, एकदोन नाही, शेकड्यानं केलंय. सुरुवातीला हातानं ब्लेडनं रेडियम कापायचो, मग कटर प्लॉटर मशीन घेतलं तेव्हापासून तर दहा मिनिटाचं काम झालं. गिऱ्हाईक खूश व्हायचं, दोन पैसे जास्त द्यायचं, मलाही कलाकारी केल्यासारखं वाटायचं. नियम माहीत नव्हता का, तर होता. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे आहेत, त्यातला ५० आणि ५१ नंबरचा नियम आमच्या धंद्यातल्या प्रत्येकानं निदान ऐकलेला असतो. चारचाकीला अक्षर ६५ मिलिमीटर उंच, १० मिलिमीटर जाड, दोन अक्षरात १० मिलिमीटर जागा. मोटरसायकलला मागं अक्षरं ३५ आणि आकडे ४० मिलिमीटर, जाडी ७. अक्षरं इंग्रजी, आकडे साधे, प्लेटवर चित्र नाही, नाव नाही, काही नाही. माहीत असून आम्ही केलं कारण कुणी विचारतच नव्हतं. एकोणीस वर्षांत माझ्या दुकानात एकदाही कुणी सरकारी माणूस येऊन हे काय करतोस असं म्हणालेला नाही.

मग तीन वर्षापूर्वी माझ्या दाजींचा ॲक्सिडेंट झाला. हायवेच्या सर्व्हिस रोडला सायकलवरनं दूध घालायला निघाले होते, पहाटेची वेळ, मागनं गाडी आली आणि उडवून गेली. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, सळी घातली, चार महिने खाटेवर. तिथं कडेला रसवंतीवाला दुकान उघडत होता त्यानं गाडी जाताना बघितली, डोळ्यांनी बघितली, मागनं लाईट पण चालू होती. ठाण्यात त्याला विचारलं नंबर काय, तर तो म्हणाला, "साहेब, मागं दादा लिवलेलं हुतं." एवढंच. साताऱ्याचा एमएच ११ का कराडचा एमएच ५० ते सांगता येईना, पुढची दोन अक्षरं सांगता येईनात, कारण माणसाचा डोळा जे ओळखीचं दिसतं ते वाचतो, त्याला दादा दिसलं आणि तो बाकीचं वाचायचंच विसरला. दादावाल्या गाड्या आमच्या जिल्ह्यात किती असतील तुम्हीच सांगा. गाडी सापडली नाही, आजपर्यंत नाही.

ती प्लेट माझ्या दुकानातली होती का हे मला कधीच कळणार नाही. पण असू शकते. तेव्हापासून मी दादा, राम, बॉस सगळं बंद केलं, भिंतीवरचा सॅम्पलचा बोर्ड काढून टाकला.

यातला पैशाचा भाग लोकांना माहीत नसतो म्हणून मुद्दाम लिहितो. उडवणारी गाडी सापडली तर तिच्या विम्याकडून भरपाई मागता येते, ट्रिब्युनलपुढं, म्हणजे अपघात भरपाईच्या कोर्टापुढं, केस चालते, माणसाची कमाई किती, किती दिवस काम बुडलं, कायमचं अपंगत्व किती, सगळं धरून आकडा ठरतो. गाडी सापडलीच नाही तर ती केस हिट अँड रनमध्ये जाते आणि मग सरकारी योजनेतनं ठरलेली रक्कम मिळते, १ एप्रिल २०२२ पासून मृत्यू झाला तर २ लाख आणि गंभीर दुखापत असेल तर ५० हजार. त्याच्या आधी तर २५ हजार आणि साडेबारा हजारच होते. दाजींना ऑपरेशनला किती लागले ते इथं लिहीत नाही, पण ५० हजारात त्यातलं काय भागतं ते ज्यांच्या घरात हाड मोडलंय त्यांना विचारा. म्हणजे नंबर वाचता आला नाही एवढ्या एका गोष्टीनं एका घराचं सगळं गणित बदललं.

आता कुणी म्हणेल की हा जुना विषय झाला, एचएसआरपी, म्हणजे सरकारी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट आली, आता फॅन्सी प्लेट संपली. १ एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना ती कंपनीकडूनच येते, आणि त्याआधीच्या गाड्यांना आपल्याकडं बसवायची मुदत ३१ मार्च २०२५ होती, मग ३० एप्रिल, मग ३० जून, मग १५ ऑगस्ट, मग ३० नोव्हेंबर, मग ३१ डिसेंबर असं करत करत पुढं गेली. लोकांनी मोटरसायकलला ४५० आणि कारला ७४५ रुपये, वर जीएसटी, भरून प्लेटा बसवल्या. आणि बसवून दुसऱ्या दिवशी तीच माणसं आमच्यासारख्या दुकानात येतात, दादा याच्यावर एक फ्रेम लावून द्या, एक काचेसारखं कव्हर लावून द्या. प्लेट सरकारी आणि झाकण आमचं, असा प्रकार सध्या चाललाय, आणि माझ्या मते हे दादा-राम पेक्षा वाईट आहे, कारण लांबनं बघितलं तर सगळं नियमात दिसतं.

एचएसआरपी म्हणजे नुसता पत्रा नाही हे लोकांना कुणी समजावूनच सांगितलं नाही. १ मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा, डाव्या बाजूला वर २० बाय २० मिलिमीटरचा अशोकचक्राचा होलोग्राम, त्याच्याखाली निळ्या रंगात आयएनडी, आणि डाव्या खालच्या कोपऱ्यात लेझरनं कोरलेला दहा आकडी कोड, तो प्रत्येक प्लेटचा वेगळा. उठावाच्या अक्षरांवर तिरकं इंडिया इंडिया छापलेलं असतं. आणि बसवायला स्क्रू नसतो, स्नॅप लॉक असतं, एकदा काढलं की तुटतं, परत लागत नाही. एका गाडीची प्लेट दुसऱ्या गाडीला लावता येऊ नये म्हणून हे सगळं केलंय. आठवा २०२१ च्या फेब्रुवारीत मुंबईत जिलेटिनच्या कांड्या ठेवलेली स्कॉर्पिओ सापडली होती, तिच्यावरचा नंबर तिचा नव्हताच. आता जी क्रोमची जाड कड असलेली फ्रेम बाजारात मिळते ती चारी बाजूनी सेंटिमीटर सेंटिमीटर आत येते, म्हणजे नेमका तो कोपऱ्यातला कोड गेला, अर्धा होलोग्राम गेला, आयएनडीचं एखादं अक्षर गेलं. खोट्या एचएसआरपीला फ्रेम लावली की खरीखोटी ओळखायला काही उरत नाही. आणि खोट्या प्लेटा निघतायत, आमच्या धंद्यात सगळ्यांना माहितीये.

ॲक्रेलिक कव्हरचं तर आणखी वेगळं. प्लेटवरची शीट अशी असते की गाडीच्या लाईटचा उजेड जिथनं आला तिकडंच परत पाठवते, म्हणून रात्री नंबर चमकून दिसतो. वर ॲक्रेलिक टाकलं की हळूहळू ते पिवळं पडतं, ओरखडे येतात, आत धूळ आणि पाणी जातं, आणि उजेड भलतीकडंच फाकतो. आणि स्मोक कव्हर म्हणजे काळसर जे येतं ते तर लोक नंबर दिसू नये म्हणूनच घेतात. २०२४ ला मुंबई-पुणे एक्सप्रेसवेला स्पीडचे कॅमेरे सुरू झाले त्यानंतर माझ्याकडं काळं कव्हर आहे का म्हणून विचारणारे एकदम वाढले, हे मी माझ्या गल्ल्यावर बसून बघितलंय. चांगल्या घरातली, शिकलेली माणसं. कॅमेऱ्यात येत नाही ना, असं सरळ विचारतात, लाज म्हणून नाही.

मराठी आकड्यांच्या प्लेटबद्दल पण लिहिलंच पाहिजे, नाहीतर अर्धं सांगितल्यासारखं होईल. माझ्या दुकानाची पाटी मराठीत आहे, बिलं मराठीत आहेत, मराठीचा मला अभिमान आहे आणि मराठी नंबराच्या प्लेटाही मी भरपूर केल्यात. पण आमच्या हायवेला निम्मे ट्रक तमिळनाडूचे नि कर्नाटकचे, त्या ड्रायव्हरला ५ आणि ६ वाचता येणार आहे का, आणि उद्या तोच एकटा साक्षीदार असला तर काय करायचं.

आता फ्रेम लावणाऱ्याचीही बाजू आहे आणि ती खोटी नाही. १ मिलिमीटरचा पत्रा पार्किंगमध्ये कुणाची गाडी नुसती टेकली तरी दुमडतो, मोटरसायकलच्या मागची प्लेट खड्ड्यांनी हलून हलून स्नॅप लॉकपाशी चिरते. मग परत ऑनलाईन बुकिंग, परत पैसे, परत तारीख. त्यापेक्षा शंभर रुपयाची फ्रेम लावून टाकतात. यावर उपाय आहे आणि सोपा आहे, मागच्या बाजूनं आधार देणारी पट्टी, पुढनं एक मिलिमीटरही न झाकणारी. मी स्वतः करून बघितलीये, पत्रा हलत नाही. अशी एक ठरावीक पट्टी परिवहन खात्यानं मंजूर करून प्लेटसोबतच द्यावी, पाचपन्नास जास्त घ्या, लोक देतील.

आणि शोरूम. हे लिहिताना मला खरंच राग येतो. नवीन गाडीची डिलिव्हरी घेतली, हार घातला, पेढे वाटले, आणि त्या गाडीच्या एचएसआरपीवर शोरूमनंच आपल्या नावाची फ्रेम लावून दिलेली असते, खाली फोन नंबर, वर डीलरचं नाव. माझ्या मेव्हण्याच्या पोरानं गेल्या दसऱ्याला कार घेतली तेव्हा मी स्वतः बघितलं, त्या फ्रेमच्या कडेखाली लेझरचा कोड पूर्ण गेलेला. मी म्हणालो हे काढा, तर तिथला पोरगा म्हणतो काका सगळ्यांनाच लावतो, फ्री आहे. म्हणजे शोरूमची जाहिरात होते आणि दंड कुणाला, तर गाडी चालवणाऱ्याला. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ मध्ये पहिल्यांदा ५०० आणि परत सापडला तर १५०० रुपये, तो भरणारा माझ्या मेव्हण्याच्या पोरासारखा, ज्याला फ्रेम लावलीये हा गुन्हा आहे हेच माहीत नाही.

माझा मामेभाऊ न्यू जर्सीत असतो, एडिसनला, तिथं आपली मराठी माणसं खूप आहेत. त्याला सहज विचारलं तर कळलं तिथंही हाच तंटा झालाय आणि थेट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तिथल्या प्लेटवर खाली गार्डन स्टेट असं लिहिलेलं असतं आणि डीलरच्या फ्रेमखाली ते जातं. ऑगस्ट २०२१ मध्ये कोर्टानं दोन गाड्यांचा निकाल एकत्र दिला, एका गाडीच्या फ्रेमनं ती अक्षरं पूर्ण झाकली होती तो गुन्हा धरला, दुसऱ्या गाडीवर थोडासाच भाग झाकला होता, अक्षरं वाचता येत होती, तो गुन्हा नाही म्हणाले. फ्लोरिडात तर १ ऑक्टोबर २०२५ पासून प्लेट मुद्दाम झाकली तर ५०० डॉलरपर्यंत दंड आणि ६० दिवसांपर्यंत कैदसुद्धा होऊ शकते. एवढं कडक आपल्याकडं करा असं मी म्हणत नाही, गरीब माणूस त्यात भरडेल. पण झाकलंय का आणि वाचता येतंय का, एवढी साधी कसोटी आपल्या चौकातल्या हवालदाराच्या हातात पाहिजे, आणि तीच कसोटी घेऊन त्यानं आमच्या दुकानात आलं पाहिजे.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे की आरटीओनं प्रत्येक रेडियमच्या दुकानाची नोंद करावी, भिंतीवर लावायला मापाचा एक कागद मराठीत छापून द्यावा, आणि त्यानंतरही जो काळं कव्हर, कोड झाकणारी फ्रेम विकेल त्याला दंड करावा, मला केला तरी चालेल. शोरूमला तर प्रत्येक गाडीमागं करावा, एका महिन्यात फ्री फ्रेम बंद होतील. आमच्या धंद्याचं काय होईल ही काळजी माझ्या दोस्तांना आहे, मलाही आहे, घर त्याच्यावर चालतं. पण ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मागं लावायचे लाल-पांढरे रिफ्लेक्टर, बैलगाडीला पट्ट्या, ऊस वाहतुकीच्या सीझनला याची केवढी गरज असते, आणि अंधारात ट्रॉली न दिसल्यामुळं आमच्याकडं दरवर्षी माणसं मरतात. तेच रेडियम, तेच मशीन, तेच हात. कारखान्यांनी आणि आरटीओनं हे काम गावातल्या दुकानांना दिलं तर दादा-बॉस करायची वेळ कुणावर येणार नाही.

सध्या माझ्याकडं कुणी प्लेटवरची फ्रेम काढायला आलं तर मी पैसे घेत नाही. स्नॅप लॉकला हात लावत नाही, ते तुटलं तर माणसाला परत नवीन प्लेटची बुकिंग करायला लागेल, फक्त फ्रेमची प्लास्टिकची कड बारीक कटरनं चारी बाजूनी कापून काढतो, पंधरावीस मिनिटं लागतात. गेल्या महिन्यात अकरा काढल्या. दाजी दुकानात येऊन बसतात कधीकधी, पाय लांब करून, आणि कापलेल्या कडा गोळा करून पोत्यात भरतात.

आपला नेहमीचा वाचक,
एक रेडियमवाला, जि. सातारा