दहा दिवसांची नोटीस आणि त्याआधीचे कागद

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

बिले थकली की वकिलामार्फत नादारी व दिवाळखोरी संहितेच्या कलम 8 ची नोटीस धाडायची आणि ‘दहा दिवसांत पैसे भरा, नाहीतर एनसीएलटीत (राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणात) तुमच्या कंपनीविरुद्ध दिवाळखोरीचा अर्ज करतो’ असा दम भरायचा, हा प्रकार व्यापारात सर्रास चालतो. नोटीस आलेली कंपनी हादरते आणि पाठवणाऱ्याला वाटते, आता पैसे सुटले. प्रत्यक्षात अशा अर्जाचे भवितव्य बहुतेक वेळा नोटीस निघण्यापूर्वीच्या कागदांवर ठरलेले असते.

कारण देण्याबद्दल आधीपासून खरा वाद असेल, तर हा मार्ग बंद असतो. हे तत्त्व नवे नाही. 1956 च्या कंपनी कायद्यात तीन आठवड्यांची नोटीस देऊन उच्च न्यायालयात कंपनी गुंडाळण्याचा अर्ज करता येत असे. त्या काळातही, 1971 च्या मधुसूदन गोरधनदास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले होते की देण्याबद्दलचा वाद प्रामाणिक असेल आणि बचावात दम असेल, तर कंपनी गुंडाळता येणार नाही. 2016 च्या संहितेने तीन आठवड्यांचे दहा दिवस केले, अर्ज एनसीएलटीकडे नेला, पण वादग्रस्त देण्याला दार बंदच ठेवले. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या मोबिलॉक्स निकालात कसोटी आणखी नेमकी झाली. वाद नोटिशीच्या आधीचा हवा, त्याला काही आधार हवा आणि तो केवळ वेळ काढण्यासाठी रचलेला नसावा. बचाव शेवटी टिकेल की नाही, हे त्या टप्प्यावर तपासायचेच नसते.

कंपन्या घसरतात ते इथेच. समजा, माल आला, गुणवत्ता विभागाने त्यातला काही लॉट नाकारला, तसे फोनवर कळवले आणि विषय तिथेच राहिला. डेबिट नोट (बिलातून रक्कम वजा केल्याची चिठ्ठी) काढली नाही, माल परत पाठवल्याचे चलन नाही, ईमेल नाही. हिशेब विभागाने मात्र पूर्ण बिल खात्यात घेतले, त्यावर जीएसटीचे क्रेडिट उचलले, टीडीएस कापला आणि मार्चअखेर पुरवठादाराने पाठवलेल्या बॅलन्स कन्फर्मेशनवर (येणे बाकी मान्य असल्याच्या पत्रावर) सही-शिक्का मारून दिला. पुढे नोटीस आली की वकील लिहितो, माल निकृष्ट होता. न्यायाधिकरणापुढे तो सही-शिक्का ठेवला गेला, की या उत्तरात फारसा जीव उरत नाही. एका विभागाला माहीत असलेली तक्रार दुसऱ्याच्या लेजरमध्ये उतरलेली नसणे, हे यातले सर्वांत महागात पडणारे दुखणे आहे. वाद मिटेपर्यंत बॅलन्स कन्फर्मेशनवर ‘अमुक बिलातील अमुक रक्कम मान्य नाही’ एवढी एक ओळ लिहिली तरी पुष्कळ फरक पडतो.

नोटीस आल्यावर दहा दिवसांत उत्तर जायलाच हवे. त्यात आधीचे ईमेल, तपासणी अहवाल, डेबिट नोट, दावा किंवा लवाद सुरू असल्यास त्याची कागदपत्रे जोडावीत. रक्कम दिलेली असेल तर बँकेतून पैसे गेल्याचा पुरावा द्यावा. लवादाचा निवाडा विरोधात गेला असला तरी त्याला लवाद कायद्याच्या कलम 34 खाली न्यायालयात मुदतीत आव्हान दिलेले असेल, तर तोही वादच मानला जातो, असे सर्वोच्च न्यायालयाच्या के. किशन प्रकरणात 2018 मध्ये ठरले आहे.

आता पुरवठादाराची बाजू. 24 मार्च 2020 पासून थकबाकी किमान एक कोटीची हवी आणि ती थकून तीन वर्षे उलटलेली नसावीत. 25 मार्च 2020 पासूनच्या एका वर्षात थकलेल्या रकमेवर हा अर्ज कधीच करता येत नाही. एवढे जुळले तरी अर्ज दाखल करून घेतला जाणे म्हणजे वसुली नव्हे. संचालक मंडळाचे अधिकार निलंबित होतात, स्थगिती लागते, त्या कंपनीवरचे वसुलीचे दावे थांबतात आणि अर्जदार इतरांबरोबर रांगेत उभा राहतो. बँकांचे कर्ज असेल तर पुढचे निर्णय घेणाऱ्या धनको (कर्ज देणाऱ्यांच्या) समितीत मतदान बँकांचे. पुरवठादाराला किमान हमी मिळते ती कंपनी मोडीत काढल्यास त्याच्या वाट्याला जे आले असते, किंवा निवारण योजनेतील रक्कम त्याच अग्रक्रमाने वाटल्यास जे आले असते, यांपैकी जास्त असेल तेवढ्याचीच, आणि दोन्हीकडे सुरक्षित कर्ज व कामगारांची देणी आधी असल्याने हा वाटा अनेकदा शून्य असतो. तडजोड झाली म्हणून अर्ज मागे घ्यायचा, तर समिती स्थापन झाल्यावर 90 टक्के मते लागतात.

वादग्रस्त थकबाकीसाठी योग्य जागा दुसऱ्या आहेत. सूक्ष्म व लघु उद्योगाची नोंदणी असेल तर एमएसएमई फॅसिलिटेशन कौन्सिलकडे (अशा उद्योगांच्या थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सरकारी परिषदेकडे) जाता येते आणि तिथे बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढ व्याज मागता येते. इतरांसाठी व्यापारी न्यायालयातला दावा आहे. तातडीचा अंतरिम आदेश नको असेल तर त्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. कागद पक्के असतील तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 37 खालचा समरी (झटपट निकालाचा) दावाही आहे.

अर्जासोबत पुरवठादाराला प्रतिज्ञापत्र द्यावे लागते की समोरच्या कंपनीने वादाची कोणतीही सूचना दिलेली नाही. तक्रारीचे ईमेल स्वतःच्या इनबॉक्समध्ये असताना असे प्रतिज्ञापत्र करणाऱ्याचा अर्ज नुसता फेटाळून सोडून देऊ नये. संहितेच्या कलम 65 मध्ये दिवाळखोरी निवारणाऐवजी भलत्याच हेतूने, दुष्टबुद्धीने अर्ज करणाऱ्याला एक लाख ते एक कोटी रुपये दंडाची तरतूद आहे. एनसीएलटीच्या खंडपीठांनी अशा प्रकरणांत ती वापरावी, ही कळकळीची विनंती.

आपला विश्वासू,
एक कंपनी सेक्रेटरी