ईराने शाळेत चालतच जावे, याविषयी

स्टुटगार्ट,
नोव्हेंबर 2025

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

परवा फोनवर आईने विचारलेल्या प्रश्नाचे मी दिलेले उत्तर तिला पटले नाही, हे तिच्या आवाजावरूनच कळले. दारात गाडी उभी असताना साडेसहा वर्षांच्या पोरीला शाळेत चालत कशाला पाठवायचे, असा तिचा प्रश्न होता. बाबा त्यावर काही बोलले नाहीत, म्हणजे त्यांच्याही मनात तेच असावे. हा विषय फोनवर पाच मिनिटांत उरकण्यासारखा नाही, म्हणून सविस्तर लिहिते. आम्ही दोघांनी पुष्कळ विचार करूनच हे ठरवले आहे. ईराला रोज मोटारीने शाळेच्या दारात नेऊन सोडणे तिच्या हिताचे नाही आणि तिच्याबरोबर शिकणाऱ्या इतर मुलांच्या तर मुळीच हिताचे नाही, असे माझे ठाम मत आहे.

सर्वप्रथम इथली शाळेची व्यवस्था सांगते, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे आहे. आमच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात सरकारी प्राथमिक शाळा पालकांनी निवडायची नसते. तुम्ही ज्या भागात राहता त्या भागाची शाळा तुमच्या मुलाला मिळते. त्यामुळे पहिलीतल्या बहुतेक मुलांची शाळा चालत जाण्याच्या टप्प्यात असते आणि ईराची तर एक किलोमीटरही नाही. शाळेत येण्याचे सुरक्षित रस्ते कोणते, रस्ता कुठे ओलांडावा आणि कुठे ओलांडू नये, हे दाखवणारा नकाशा पालकांना मिळतो. सप्टेंबरात शाळा सुरू होते तेव्हा रस्त्यांवर ‘शाळा सुरू झाली आहे’ असे मोठे फलक लागतात आणि अनेक गावांत फुटपाथवर पिवळी पावले रंगवून मुलांना ओलांडण्याची जागा दाखवलेली असते. पहिलीतल्या मुलाने शाळेत पायी यावे, हे इथे गृहीतच धरलेले आहे.

तरीही मूल सहा वर्षांचे झाले म्हणून त्याला रस्त्यावर सोडून द्यायचे, असे कोणी करत नाही. ऑगस्टच्या सुट्टीत आम्ही ईराला घेऊन तो रस्ता पुन्हा पुन्हा चाललो, पहिल्यांदा तिचा हात धरून, मग तिला पुढे ठेवून आणि शेवटी बरेच अंतर राखून मागून. एका जागी रस्त्याच्या कडेला मोटारी उभ्या असतात. तिथे मी तिच्या उंचीला येईल अशी उकिडवी बसून पाहिले, तर मोटारीच्या बॉनेटपलीकडचे मला काही म्हणता काही दिसेना. समोरून येणाऱ्या चालकालाही ती दिसणार नाही, हे तिथे बसल्यावर नीट कळले. म्हणून तिथे उभ्या मोटारीच्या कडेपर्यंत जायचे, पुन्हा थांबायचे, आधी डावीकडे, मग उजवीकडे आणि परत डावीकडे पाहायचे, असे तिच्या अंगवळणी पाडले. (इथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून आधी डावीकडे.) झेब्रा पट्ट्यांवर पाऊल टाकण्यापूर्वी चालकाच्या चेहऱ्याकडे पाहायचे आणि त्याने ‘जा’ म्हणून हात केला तरी चाके पुरती थांबल्याशिवाय हलायचे नाही, हा नियम ती आता आम्हालाच शिकवते.

स्टुटगार्ट शहर वाटीसारख्या खोलगट भागात वसलेले आहे आणि भोवतालच्या उतारांवर एके काळी द्राक्षाचे मळे होते. काही अजूनही आहेत. त्या मळ्यांत चढण्या-उतरण्यासाठी बांधलेल्या दगडी पायऱ्यांच्या वाटा शहरात आजही चारशेहून अधिक आहेत. ईराचा शाळेचा बराचसा रस्ता अशाच एका पायऱ्यांच्या वाटेने जातो, जिथे वाहन येऊच शकत नाही. पायऱ्यांच्या तळाशी तिच्या वर्गातल्या दोन मुली थांबलेल्या असतात आणि तिथून तिघी मिळून जातात. मोठा रस्ता ओलांडायचा असतो त्या चौकात सकाळी एक निवृत्त गृहस्थ हातात पाटी घेऊन उभे असतात आणि मुले आली की वाहने थांबवतात. शाळकरी मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या मदतनिसांची प्रथा जर्मनीत 1953 पासून चालत आली आहे. तेव्हा आई, ‘एकटी’ हा शब्द तू मनातून काढून टाक.

आता मोटारीविषयी. पावणेआठच्या सुमारास शाळेच्या फाटकासमोर काय चालते ते तुम्ही एकदा पाहायला हवे. अरुंद गल्लीत एकामागून एक मोटारी येतात. कोणी झेब्रा पट्ट्यांवर उभी करतो, कोणी फुटपाथवर दोन चाके चढवतो, कोणी रस्त्याच्या मधोमध थांबून मुलाला वाहतुकीच्या बाजूने उतरवतो आणि कामाला उशीर झालेला असल्याने मागे न पाहता गाडी मागे घेतो. नेमक्या त्याच वेळी पायी आलेली शंभरेक मुले त्या मोटारींच्या मधून वाट काढत फाटकाकडे जात असतात. यातल्या प्रत्येक आईबापाच्या मनात आपले मूल सुखरूप पोहोचावे एवढेच असते, याबद्दल मला शंका नाही. परंतु शाळेचा सगळा रस्ता नीट चालून आलेल्या माझ्या मुलीला सर्वांत मोठा धोका शेवटच्या पन्नास मीटरांत असतो आणि तो दुसऱ्या मुलांच्या आईबापांनी उभा केलेला असतो. ते पाहून आणखी काही पालक घाबरतात आणि तेही मोटार काढतात. मोटारी वाढतात तशी भीती वाढते आणि भीती वाढते तशा मोटारी वाढतात. हे चक्र कोणीतरी आपल्या घरापुरते तरी थांबवायला हवे, असे मला फार तीव्रतेने वाटते.

इथल्या मुख्याध्यापकांची पालकांना या विषयावर दरवर्षी पत्रे जातात. मुलांना मोटारीने आणणे अगदीच भाग असेल, तर शाळेपासून निदान अडीचशे मीटरवर ठरवून दिलेल्या जागी उतरवावे आणि तिथून त्यांनी चालत यावे, असा सल्ला एडीएसी ही मोटारचालकांचीच मोठी संघटना देते. मोटारवाल्यांच्या संघटनेने हे सांगावे, यातच सारे आले. इटलीतल्या बोल्झानो शहरात 1989 पासून शाळा भरताना आणि सुटताना शाळेसमोरचा रस्ता थोडा वेळ वाहनांना बंद ठेवतात आणि व्हिएन्नाने 2018 मध्ये तसाच प्रयोग सुरू केला. हा उपाय मला सर्वांत योग्य वाटतो, कारण त्यात प्रत्येक पालकाच्या सद्सद्विवेकावर भिस्त ठेवावी लागत नाही.

बाबांना आकडे लागतात, म्हणून तेही लिहिते. पश्चिम जर्मनीत 1970 साली पंधरा वर्षांखालील दोन हजारांहून अधिक मुले रस्त्यावरच्या अपघातांत दगावली होती. आता अवघ्या जर्मनीत ही संख्या वर्षाला पन्नासच्या आसपास असते. वेगमर्यादा, मुलांसाठीच्या आसनांची सक्ती, चांगली रुग्णालये, अशी त्याची अनेक कारणे आहेत. परंतु एक कारण असेही आहे की मुलेच रस्त्यावरून कमी झाली. मेयर हिलमन या अभ्यासकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे इंग्लंडविषयी फार पूर्वी दाखवून दिले. तिथे 1971 साली सात-आठ वर्षांची 80 टक्के मुले मोठ्या माणसांवाचून शाळेत जात असत. 1990 साली ते प्रमाण 9 टक्क्यांवर आले होते. अपघात कमी झाले म्हणून रस्ते सुरक्षित झाले, असे म्हणता येणार नाही, मुलांना रस्त्यावरून उचलले म्हणून अपघात कमी झाले, असे त्यांचे म्हणणे होते. आणि मोटारीत बसवले म्हणजे मूल सुरक्षित झाले, हेही खरे नाही. जर्मनीत रस्त्यावर जखमी होणाऱ्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले मोटारीत बसलेली असतात आणि पायी चालताना जखमी होणारी मुले त्यांच्याहून कमी असतात.

आईची दुसरी काळजी अंधाराची आणि थंडीची. डिसेंबरात इथे आठ वाजेपर्यंत उजाडत नाही, हे खरे आहे. पण ईराच्या दप्तरावर प्रकाश पडला की चमकणाऱ्या रुंद पट्ट्या आहेत, जाकिटावरही आहेत आणि पहिलीच्या मुलांना मिळणारी पिवळी टोपी ती घालते. पावसाचे तर साताऱ्याच्या माणसांनी मनावर घेऊ नये. अनोळखी माणसांची भीती मलाही आहे; म्हणूनच तिघींनी बरोबर राहायचे, वाट बदलायची नाही आणि कोणी बोलावले तर वाटेतल्या बेकरीत जाऊन सांगायचे, हे पक्के ठरलेले आहे. बेकरीतल्या बाईंशी आम्ही तसे बोलून ठेवले आहे. शिवाय घर ते शाळा या वाटेवर मुलाला अपघात झालाच, तर त्याचा विमा 1971 पासून इथे कायद्यानेच उतरवलेला आहे. मूल पायी असो वा वाहनात.

या सगळ्यातून ईराला काय मिळते, तेही सांगायला हवे. पूर्वी बालवाडीत मी तिला मोटारीने सोडत असे तेव्हा ती अर्धवट झोपेत उतरायची. आता ती शाळेत पोहोचते तेव्हा पुरती जागी झालेली असते, हे तिच्या बाईंनी आपणहून सांगितले. कोणत्या कुंपणामागचा कुत्रा भुंकतो, कोणत्या झाडाखाली अक्रोड पडतात, कचऱ्याची गाडी कोणत्या दिवशी येते, हे तिला ठाऊक झाले आहे. तिघींची भांडणे वाटेतच होतात आणि शाळेचे फाटक येईपर्यंत मिटतात. त्यात मी नसते, हेच त्यातले महत्त्वाचे. वाट लक्षात ठेवणे, वेळेचा अंदाज घेणे, आपल्यापुरता निर्णय घेणे, हे मागच्या आसनावर पट्ट्याने बांधून बसलेल्या मुलाला कोणत्या वयात शिकता येईल?

दादा अथर्वला रोज मोटारीने सोडतो, त्याविषयी बाबांनी विचारले होते. त्याला मी दोष देणार नाही. कोथरूडहून दहा-अकरा किलोमीटरवरच्या शाळेत सात वर्षांच्या मुलाने चालत जावे, असे कोण म्हणेल? शिक्षणहक्क कायद्याच्या नियमांत पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा असावी असे म्हटले आहे, पण आपण जवळची शाळा सोडून लांबची निवडतो आणि मग मोटार, रिक्षावाले काका किंवा व्हॅन यांवाचून गत्यंतर उरत नाही. जवळच्या शाळा चांगल्या असत्या तर वहिनीने ती निवड केली नसती, हेही मला कळते. फुटपाथवर दुचाक्या चढतात, जागोजागी झाकणे उखडलेली असतात आणि झेब्रा पट्ट्यांवर थांबणाऱ्याला मागून हॉर्न ऐकावे लागतात, अशा रस्त्यावर ईराला मीसुद्धा सोडणार नाही. पुण्यात हे बदलणारच नाही, असे मात्र मला वाटत नाही. जंगली महाराज रस्त्याचे फुटपाथ रुंद झालेले आपण पाहिले आहेत आणि महापालिकेने 2021 पासून 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन सुरू केला. गर्दीच्या लक्ष्मी रस्त्यावरून दिवसभर वाहने हटवता येत असतील, तर शाळेच्या फाटकासमोरून सकाळी वीस मिनिटे हटवायला काय हरकत आहे?

म्हणून बाबा, दादाशी बोलताना माझ्या वतीने त्याला एवढेच सुचवा. अथर्वच्या शाळेत पालक-शिक्षक संघाची सभा होईल तेव्हा त्याने फाटकासमोर मोटारी न आणण्याचा विषय मांडावा आणि तोवर स्वतः थोडे अलीकडे गाडी लावून अथर्वबरोबर शेवटचा रस्ता चालत जावा. तुम्ही मुख्याध्यापक होता, तुमचा शब्द तो ऐकेल. त्यांच्या सोसायटीतली चार-पाच मुले त्याच शाळेत जातात, असे वहिनी म्हणाली होती. निदान पाच मोटारींच्या जागी एक मोटार जाईल एवढे तरी या महिन्यात होण्यासारखे आहे.

तुमच्या व्हिसाची कागदपत्रे पुढच्या आठवड्यात पाठवते. एप्रिलात याल तेव्हा सकाळी ईराबरोबर जरूर चाला, मात्र तिचा हात धरू नका, तिला ते आवडत नाही. आईने चालण्याचे चांगले बूट आत्ताच घेऊन वापरायला सुरुवात करावी, पायऱ्या पुष्कळ आहेत. बाबांच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला का, ते कळवा.

दादा-वहिनींना नमस्कार, अथर्वला अनेक आशीर्वाद.

आपली,
मृणाल