फ्लूच्या लशीची साठवण आणि नाकारलेला परतावा : तक्रार

दिनांक : 23 जून 2025

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
मुख्य कार्यालय

विषय : आपल्या कोथरूड (पुणे) येथील औषध दुकानात गोठलेली व मागच्या हंगामाची फ्लूची लस देऊ केल्याबाबत

महोदय,

माझ्या यजमानांसाठी मी आपल्या ॲपवरून फ्लूच्या लशीचे पैसे आगाऊ भरले होते. त्यांचं वय 72, दमा आणि मधुमेह दोन्ही आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर होती. 'दवाखान्यात ताटकळू नका, लस इथेच घ्या' अशी पाटी आपल्या दुकानाबाहेर लावलेली आहे, म्हणून गेलो. लस न टोचताच परत आलो. पैशांचं पुढे बोलते, आधी फ्रिजचं.

शीतपेयांच्या टपरीवर असतो तसला काचेच्या दाराचा फ्रिज. वरच्या खणात इन्सुलिन, मधल्या खणात कर्मचाऱ्यांचे डबे आणि पाण्याच्या बाटल्या, आणि लशीची खोकी खाली, मागच्या पत्र्याला टेकवून रचलेली. त्या पत्र्यावर बर्फ धरला होता. काउंटरवरच्या मुलाने आमचं खोकं ओढलं तेव्हा त्याच्या एका बाजूचा कागद फाटून पत्र्यालाच राहिला. फ्रिजमध्ये थर्मामीटर कुठे आहे, असं विचारलं तर उत्तर आलं, "फ्रिज चोवीस तास चालू असतो, मॅडम." तापमानाची वही मागितली तर त्याने हजेरीचं रजिस्टर पुढे केलं. चेष्टा करत नव्हता बिचारा. तापमानाचीही वही असते हे त्याच्या कानावरच कधी पडलं नव्हतं.

मी भोर तालुक्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्य सहायिका होते. आमच्या आयएलआरचं, म्हणजे लशींच्या खास फ्रिजचं, तापमान सकाळ-संध्याकाळ लिहिलं जायचं, रविवारी आणि दिवाळीतसुद्धा. फ्लूची लस 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची आणि गोठली तर फेकायची, हे लशीच्या खोक्यातल्या कागदावरच छापलेलं असतं. उन्हाने लस बिघडते हे सगळ्यांना ठाऊक आहे. जास्तीच्या थंडीने बिघडते, हे मात्र लोकांच्या गावीच नसतं. डीप फ्रीझरमधून काढलेले आइस पॅकही आम्ही लगेच कॅरियरमध्ये, म्हणजे लशी न्यायच्या थंड डब्यात, भरत नसू. बाहेर ठेवून घाम सुटू द्यायचा, कानाशी हलवून आत पाणी वाजतंय का ऐकायचं, मगच लशी ठेवायच्या. आणि तुमच्याकडे लस चक्क बर्फाला चिकटलेली!

ही लस बिघडली तर ते दिसतही नाही. दूध नासलं की निदान फाटतं. धनुर्वाताची लस गोठलेली असेल तर शेक टेस्टमध्ये, म्हणजे कुपी हलवून ठेवली की, कळतं, गाळ भराभर तळाला बसतो. फ्लूच्या साध्या लशीत धनुर्वाताच्या लशीसारखं ॲल्युमिनियमचं मिश्रण नसतं, त्यामुळे तिला ही परीक्षा लागू पडत नाही. वितळली की पुन्हा पहिल्यासारखी दिसते. सरकारी लशींच्या कुपीवर असतो तसला व्हीव्हीएमचा, म्हणजे उष्णता लागली की रंग बदलणारा, चौकोनही या सिरिंजवर नव्हता, आणि असता तरी तो उष्णता दाखवतो, गोठणं नव्हे. म्हणजे लस बरी आहे याला पुरावा एकच, तापमानाची नोंद. ती तुमच्याकडे नाही.

आता हंगामाचं. खोक्यावर 'एनएच 2024-25' (उत्तर गोलार्धाचा 2024-25 चा हंगाम) असं छापलेलं होतं आणि मुदत जुलै 2025 पर्यंतची. मुदत संपलेली नव्हती, हे मान्य. पण फ्लूच्या लशीत काय घालायचं ते दर हंगामाला नव्याने ठरतं. जागतिक आरोग्य संघटना उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिण गोलार्धासाठी सप्टेंबरमध्ये कोणते विषाणू घ्यायचे ते जाहीर करते. 2025 च्या दक्षिण गोलार्धाच्या लशीत, अंड्यांवर वाढवलेल्या प्रकारात, एच3एन2 या फ्लूच्या प्रकाराचा थायलंडचा विषाणू बदलून क्रोएशियाचा घेतला आहे. आपल्याकडे फ्लू जानेवारी ते मार्चमध्ये चढतो आणि पुन्हा पावसाळ्यात. यंदा तर पाऊस मे महिन्यातच येऊन बसला. लस टोचल्यावर प्रतिकारशक्ती यायला दोन आठवडे लागतात. अशा वेळी नवी लस मिळत असताना मागच्या हंगामाचा उरलेला माल पूर्ण किमतीला का खपवता? 'एसएच 2025' (दक्षिण गोलार्धाची नवी लस) आहे का, असं मी विचारलं. "लस म्हणजे लस, सगळी एकच असते," हे तुमच्या दुकानातलं उत्तर. आमच्या डॉक्टरांकडे ती होती. यजमानांनी शेवटी तिथेच टोचून घेतली.

आमच्या आधी एक गरोदर मुलगी त्याच खणातली लस टोचून घेऊन गेली. तिला कोणी खोकं दाखवलं नाही, लेबल वाचून दाखवलं नाही. टोचल्यावर अर्धा तास थांबवून घ्यायचं असतं, तर दुकानात बसायला स्टूलही नव्हतं. ती समाधानाने घरी गेली असेल. गोठलेल्या लशीने तिला त्रास झाला नाही तरी उपयोगही होणार नाही, आणि दोन महिन्यांनी ताप आला तर लोक म्हणतील, लस घेऊन काय फायदा झाला. पुण्याने 2009 च्या ऑगस्टमध्ये देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पाहिला आहे. इथल्या माणसांना या आजाराचं भय सांगावं लागत नाही. लशीवरचा विश्वास मात्र टिकवावा लागतो, आणि तो दारोदार फिरून आमच्यासारख्यांनी कमावलेला आहे.

आता पैसे. आपल्या ग्राहक सेवेने कळवलं की 'शीतसाखळी खंडित होण्याची शक्यता असल्याने फ्रिजमधील उत्पादनं परत घेतली जात नाहीत'. वाचून हसावं की रडावं कळेना. ती लस दुकानाबाहेर गेलीच नाही. मी ती हातातही घेतली नाही. तुमच्याच फ्रिजमधून निघाली आणि माझ्यासमोर तुमच्याच फ्रिजमध्ये परत गेली, बहुधा पुढच्या गिऱ्हाइकासाठी. वर माझ्या खात्यात 200 रुपयांचे पॉइंट जमा केले. ते काढून घ्या.

मला लेखी उत्तर हवं आहे. त्या फ्रिजमधल्या लशींचा आणि इन्सुलिनचा साठा विक्रीतून बाजूला काढला का? इन्सुलिनही गोठलेलं चालत नाही, आणि ते घेणारे लोक रोज येतात. त्या शाखेतून लस घेतलेल्यांचे फोन नंबर तुमच्या ॲपमध्ये आहेत, सवलतींचे मेसेज तर रोज येतात. त्यांना फोन करून डॉक्टरांना भेटायला कधी सांगणार? तापमानाची नोंद बाकीच्या शाखांत तरी होते का? आणि भरलेले पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत हवेत.

एक विनंती आहे. काउंटरवरचा मुलगा आणि टोचायला आलेली मुलगी यांना कामावरून काढून प्रकरण मिटवू नका. दोघंही सौजन्याने वागली. त्यांना शिकवायचं आणि साधा थर्मामीटर घेऊन द्यायचा, हे काम कंपनीचं होतं.

पत्राची प्रत अन्न व औषध प्रशासनाच्या पुणे कार्यालयाला देत आहे, कारण लशी विकण्याचा फॉर्म 21 चा परवाना साठवणुकीची जबाबदारीही देतो. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. उत्तर माणसाने लिहिलेलं असावं; 'आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' एवढा मजकूर मला आधीच मिळालेला आहे.

आपली,
(सही)
सेवानिवृत्त आरोग्य सहायिका, कोथरूड, पुणे

सोबत : ऑर्डरची पावती, डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत, बॅच क्रमांक दिसणारा खोक्याचा फोटो आणि फ्रिजचे फोटो