मार्सेला यांचा ध्वज आणि तालमधील माहेरघर

संपादक महोदय,
सादर नमस्कार.

फिलिपीन्सच्या स्वातंत्र्यदिनानिमित्त आपल्या दैनिकात आलेला लेख वाचला. १२ जून १८९८ रोजी क्रांतिनेते एमिलियो आगिनाल्दो यांनी कावित येथे केलेल्या स्वातंत्र्यघोषणेचे वर्णन त्यात सविस्तर आले आहे. मात्र त्या प्रसंगी फडकलेला ध्वज जिने शिवला, तिचा उल्लेख ‘एका महिलेने’ एवढाच आहे. मार्सेला मारिन्यो दे आगोन्सिल्यो हे नाव त्या लेखात असायलाच हवे होते, असे मला मनापासून वाटते.

मार्सेला या बातांगास प्रांतातील ताल गावच्या सधन मारिन्यो घराण्यातल्या. मनिलाच्या सांता कातालिना कॉन्व्हेंटमध्ये त्यांचे शिक्षण झाले आणि भरतकामातला हात तिथेच तयार झाला. पती फेलिपे हे वकील. गोरगरिबांचे खटले ते विनामूल्य चालवीत. स्पॅनिश सत्तेची वक्रदृष्टी वळताच ते निसटून आधी जपानला व तेथून हाँगकाँगला गेले, आणि पुढे मार्सेलाही मुलींना घेऊन तेथे पोहोचल्या. मॉरिसन हिल रोडवरील त्यांच्या घरी परागंदा क्रांतिकारकांचा राबता असे. मे १८९८ मध्ये आगिनाल्दो यांनी सांगितलेल्या नमुन्यानुसार मार्सेला यांनी रेशमी ध्वज पाच दिवसांत पूर्ण केला. ध्वजावरील सूर्याच्या किरणांची दिशा चुकल्याने काही भाग उसवून पुन्हा शिवावा लागला, असे सांगतात. मदतीला थोरली मुलगी लोरेन्सा होती, जी तेव्हा अगदी लहान होती, आणि देल्फिना एर्बोसा ही तरुणी. देल्फिना ही फिलिपीन्सचे राष्ट्रनायक मानले जाणारे लेखक होसे रिझाल यांची सख्खी भाची. तिच्या वडिलांच्या पार्थिवाला चर्चने दफनभूमीत जागा नाकारली होती आणि मामाला डिसेंबर १८९६ मध्ये गोळ्या घालून ठार करण्यात आले होते. अशा घरातली मुलगी जेव्हा त्या ध्वजाला टाके घालते, तेव्हा त्या कामाला निव्वळ शिवणकाम कसे म्हणावे?

पुढे फेलिपे वॉशिंग्टन आणि पॅरिसला आपल्या देशाची बाजू मांडण्यासाठी गेले, पण त्यांना कोणी दाद दिली नाही. स्पेन-अमेरिका युद्धानंतर डिसेंबर १८९८ मध्ये झालेल्या तहात स्पेनने दोन कोटी डॉलर घेऊन फिलिपीन्स अमेरिकेच्या हवाली केले. त्या काळात हाँगकाँगमधील संसार मार्सेला यांनी दागिने विकून चालवला. हा त्याग आपल्याकडील स्वातंत्र्यसैनिकांच्या घरांतूनही घडला आहे, आणि तिथेही तो बहुधा अनुल्लेखितच राहिला आहे.

मूळ ध्वज आपल्या हातून हरवला, असे आगिनाल्दो यांनी १९२५ मधील एका पत्रात लिहिले आहे; बाग्यो येथे जपलेला ध्वज तोच असल्याचा दावाही केला जातो. या वादामुळे मला ताल येथील मारिन्यो घराचे मोल अधिकच वाटते. तळमजला दगडी, वरचा लाकडी, अशा त्या प्रदेशातील जुन्या पद्धतीचे हे वडिलोपार्जित घर अठराव्या शतकातले मानले जाते. आज तेथे सरकारी देखरेखीखाली मार्सेला यांच्याच नावाने संग्रहालय आहे. राष्ट्रपुरुषांची घरे जगभर जपली जातात. एका स्त्रीचे माहेर तिच्या स्वतःच्या कार्यासाठी स्मारक व्हावे, हे मात्र विरळा.

अमेरिकी राजवटीने ऑगस्ट १९०७ मध्ये या ध्वजावर कायद्याने बंदी घातली, ती १९१९ पर्यंत टिकली. मुंबईत जन्मलेल्या मादाम कामा यांनी त्याच महिन्यात श्टुटगार्टच्या परिषदेत भारताचा ध्वज फडकवला होता. तो ध्वज पुण्याच्या केसरी वाड्यात आहे, हे आपले वाचक जाणतातच. मार्सेला यांचे निधन ३० मे १९४६ रोजी झाले. ४ जुलैला अमेरिकेने त्यांच्या देशाचे स्वातंत्र्य मान्य केले, तो दिवस पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

फिलिपीन्समध्ये २८ मे हा राष्ट्रध्वज दिन म्हणून पाळला जातो. पुढील वर्षी त्या दिवशी आपण मार्सेला, देल्फिना आणि ताल येथील त्या घरावर स्वतंत्र लेख, शक्य झाल्यास घराच्या छायाचित्रासह, प्रसिद्ध करावा, अशी नम्र विनंती आहे.

आपली नम्र,
एक नियमित वाचक, पुणे