विषय: ‘व्हिक्टोरियन’ म्हणून विकलेल्या चाकूची मूठ हाडाची आहे, पण जुनी नाही

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

नमस्कार,

तुमच्या साइटवरून मी इंग्लंडमधल्या शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स अँड सन्स कंपनीचा दोन पात्यांचा खिशातला चाकू घेतला, १४,५०० रुपये मोजून. लिस्टिंगमध्ये शब्दशः असं होतं, ‘व्हिक्टोरियन काळ, १८८० च्या सुमारास, ओरिजनल हाडाची / हस्तिदंती मूठ, स्टेनलेस स्टील पाती, सर्टिफिकेटसह’. चाकू आला, भिंगाखाली बघितला, तक्रार टाकली, आणि तेव्हापासून तुमच्याकडून एकच उत्तर येतंय की ‘सर मूठ हाडाचीच आहे, आमच्या एक्स्पर्टनी चेक केलंय’. अहो, हाडाची नाही असं म्हटलंय कोणी? हाडच आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की ते हाड त्या चाकूइतकं जुनं नाही आणि चाकू तुम्ही म्हणताय तितका जुना नाही. हे चॅटवर चार वेळा टाइप करून झालं, समोरून ‘वी अंडरस्टँड युअर कन्सर्न’ येतं आणि चॅट बंद होतं. म्हणून आता सगळं सविस्तर लिहितोय, ज्याची सर्टिफिकेटवर सही आहे त्याच्यापर्यंत हे पोचवा.

पहिले पात्यावरचा शिक्का, कारण त्याला भिंगसुद्धा लागत नाही, तुमच्याच चौथ्या फोटोत स्वच्छ दिसतोय. मोठ्या पात्याच्या मुळाशी मुकुट आहे आणि त्याच्या दोन बाजूंना ‘जी’ आणि ‘आर’ ही अक्षरं आहेत. रॉजर्सवाले राजघराण्याचे चाकूवाले, ते ज्याचं राज्य त्याची अक्षरं ठोकायचे. व्हिक्टोरियाच्या काळात व्ही आर, तिच्यानंतर १९०१ ते १९१० एडवर्डचे ई आर, आणि १९१० ला पाचवा जॉर्ज गादीवर आल्यावर जी आर. आता तुमचा एक्स्पर्ट म्हणेल की जी आर तर चौथ्या जॉर्जचं पण असू शकतं, म्हणजे १८२० च्या दशकातलं, म्हणजे उलट अजून जुना माल! तर तसं पण नाहीये, कारण खाली ‘शेफील्ड’च्या पुढे ‘इंग्लंड’ ठोकलेलं आहे. अमेरिकेने १८९० च्या मॅकिन्ली टॅरिफ कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं आणि त्याच्यानंतर शेफील्डच्या चाकूंवर ‘इंग्लंड’ सर्रास दिसायला लागलं. जी आर आणि इंग्लंड दोन्ही एकत्र म्हणजे चाकू १९१० नंतरचा, फार तर सहावा जॉर्ज १९५२ मध्ये वारला तोपर्यंतचा. १८८० कुठून आणलं तुम्ही?

स्टेनलेसबद्दल तर काय बोलायचं. हॅरी ब्रेअर्लीने स्टेनलेस स्टील काढलं १९१३ मध्ये आणि तेही कुठे तर शेफील्डमध्येच. म्हणजे १८८० चा चाकू आणि स्टेनलेस पाती असं एकाच ओळीत लिहिणाऱ्या माणसाने दोन्हीपैकी एक तरी गूगल करायला हवं होतं. आणि मुळात हे पातं स्टेनलेस नाहीचे, साधं कार्बन स्टील आहे, काळपट डाग पडलेत, मी लिंबू कापून बघितलं तर लगेच निळसर झालं. मला तेच आवडतं, त्याबद्दल तक्रार नाही, पण लिहिलंय ते खोटं आहे.

आता मूठ. माझी मुख्य तक्रार हीच आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

दहा पटीच्या भिंगातून बघितलं की हाडात बारीक काळे ठिपके आणि तुटक रेघा दिसतात, जिवंतपणी त्यातून रक्तवाहिन्या जायच्या त्या नळ्यांची ती तोंडं. ते इथे दिसतात, म्हणून हाड, प्रश्न मिटला. हस्तिदंतात हे ठिपके नसतात, त्याच्या आडव्या कापावर एकमेकांना छेदणाऱ्या रेषांची जाळी दिसते. मग लिस्टिंगमध्ये ‘हाडाची / हस्तिदंती’ असं कशासाठी लिहिलं? सर्चमध्ये वर यावं म्हणून? १९७२ चा वन्यजीव कायदा आणि त्याच्या ८६ आणि ९१ च्या दुरुस्त्यांनंतर आपल्याकडे हस्तिदंताचा व्यापार बंद आहे, म्हणजे तुमची जाहिरात खरी असती तर तुम्ही आणि मी दोघंही फॉरेस्टवाल्यांसमोर बसलो असतो. ती खोटी आहे हे आपलं नशीब.

तर हाड आहे. पण जुनं हाड वापरून वापरून झिजतं कसं ते बघा. मुठीवर ज्या खाचा पाडतात, जिगिंग म्हणतात त्याला, ते सांबरशिंगाच्या खडबडीत मुठीची नक्कल म्हणून (खरी शिंगं तर आपल्याकडूनच जायची, सांबराची, ती निर्यात पुढे बंद झाली). गाईबैलाच्या नळीच्या हाडाच्या पट्ट्या कापायच्या, उकळून चरबी काढायची, खाचा मारायच्या आणि रंगात बुडवायचं. रंग आतपर्यंत सारखा मुरत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं खिशात आणि हातात घासून उंचवटे गुळगुळीत आणि फिके होतात आणि खाचांमध्ये रंग आणि मळ गडद राहतो. माझ्या चाकूवर उंचवट्यांच्या कडा अजून बोटाला लागतात, आणि रंग वरून खालून एकसारखा चॉकलेटी. बरं, चाकू वापरलेलाच नसेल असं म्हणावं तर मोठं पातं धार लावून लावून पाऊण राहिलंय आणि मुठीच्या टोकाचा जर्मन सिल्व्हरचा भाग, बोल्स्टर, साबणाच्या वडीसारखा झिजून गोल झालाय. पातं झिजलं, बोल्स्टर झिजला, आणि त्या दोघांच्या मधे बसलेलं हाड तेवढं नवंकोरं, हे कसं काय?

पुढे. हाड वाळतं तसं आकसतं. जुन्या चाकूत बोल्स्टर आणि हाड यांच्यामधे केसाएवढी फट पडते, रिवेटपासून बारीक चिरा निघतात, रिवेट लोखंडी असेल तर भोवती गंजाचा तपकिरी डाग हाडात उतरतो. या एकेकट्या गोष्टीवरून काही ठरत नाही, नीट जपलेला चाकू चिरेशिवाय पण मिळतो. पण इथे फट नाही, चीर नाही, डाग नाही, आणि रिवेट पिवळ्या चकचकीत पितळेच्या. हाड आणि आतली पितळी पट्टी यांच्या सांध्यावर पारदर्शक काहीतरी बाहेर आलेलं आहे, नखाने खरवडलं तर निघत नाही, अराल्डाइटसारखं. असले एपॉक्सी गोंद दुसऱ्या महायुद्धानंतरच बाजारात आले.

आणि हे सगळं सोडा, दोन्ही पाती उघडा आणि टॉर्च मारून आत बघा. पितळी पट्टीवर आत्ताच्या रिवेटच्या शेजारी जुनी बुजलेली भोकं दिसतात, दोन्ही बाजूंना, आणि एका भोकात गंजलेल्या लोखंडाचा तुकडा अजून अडकलेला आहे. म्हणजे मूळ मूठ लोखंडी रिवेटने बसवलेली होती, ती कधीतरी फुटली किंवा काढली, आणि कोणीतरी नवीन हाड आणून नवीन भोकं पाडून बसवलं. काम वाईट नाहीये हां, हात चांगला आहे त्याचा. पण ती दुरुस्ती आहे, ‘ओरिजनल’ नाही, आणि ती सांगून विकायची असते. फोटो सोबत जोडलेत, टॉर्चचे तर तीन कोनातून काढलेत.

यावर तुमच्या एक्स्पर्टनी काय केलं? मी चाकू तपासणीसाठी परत पाठवला तर त्यांनी तापलेली सुई मुठीला टोचली आणि व्हिडिओ पाठवला की बघा वितळत नाही, जळक्या केसाचा वास येतो, म्हणजे अस्सल. अहो ती टेस्ट प्लास्टिक ओळखायची! डेल्रिन किंवा सेल्युलॉइडची नकली मूठ असती तर उपयोग होता, आणि तेव्हाही शहाणा माणूस आधी भिंगाने बघतो, सुई शेवटी, आणि ती पण आतल्या न दिसणाऱ्या जागी. हाड कालचं असो की शंभर वर्षांपूर्वीचं, वास तोच येणार. आता माझ्या चाकूच्या मुठीवर भर मध्यावर काळा ठिपका आहे जो आधी नव्हता, हे तुमच्या व्हिडिओतच रेकॉर्ड झालंय.

जाता जाता अजून एक, कारण तुमचं हे दुसरं लिस्टिंग आजही लाइव्ह आहे आणि कोणीतरी फसेल. ‘केस’ या अमेरिकन कंपनीचा चाकू तुम्ही ‘१९२० चं दशक, अँटिक हाडाची मूठ’ म्हणून लावलाय. त्याच्या शिक्क्यात ‘केस डबल एक्स यूएसए’ आणि त्याखाली दहा ठिपके दिसतात. ते डिझाइन नाहीये. ‘यूएसए’ हा शिक्का १९६५ पासूनचा, आणि १९७० पासून त्यांनी दहा ठिपके टाकून दर वर्षी एक कमी करायला सुरुवात केली. दहा ठिपके म्हणजे १९७०. चाळीस-पन्नास वर्षांची चूक आहे, आणि त्या काळात केसवाले हाडाच्या जोडीने डेल्रिन पण वापरत होते, त्यामुळे मूठ सुद्धा नीट तपासा, सुईने नव्हे.

पुण्यात बुधवारी-रविवारी जुना बाजार भरतो, तिथे ताडपत्री टाकून बसलेला माणूस म्हणतो ‘साहेब जुना आहे, किती ते मला नाही माहीत, पाचशे द्या’. त्याच्यावर मी कधी चिडत नाही. तुम्ही मात्र सोनेरी होलोग्राम लावून साल छापलंय आणि त्या सालाचेच पैसे घेतलेत, बाकी चाकू तर तोच आहे.

‘अँटिक वस्तूंवर रिटर्न नाही’ हे तुमचं वाक्य इथे चालणार नाही. ग्राहक संरक्षणाचे २०२० चे ई-कॉमर्स नियम बघा, जाहिरातीत सांगितलेले गुण वस्तूत नसतील तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. त्याच नियमांत तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात असं पण आहे.

मला हवंय ते असं. पूर्ण १४,५०० रुपये परत, पिकअप तुमच्या खर्चाने, आणि माझा तपासणीला पाठवण्याचा कुरिअर खर्च वेगळा, पावती जोडली आहे. लिस्टिंगमधून ‘व्हिक्टोरियन’, ‘ओरिजनल’, ‘हस्तिदंती’ आणि ‘स्टेनलेस’ हे चारही शब्द काढा आणि सर्टिफिकेट रद्द केल्याचं लेखी द्या, नाहीतर हाच चाकू परत तुमच्या साइटवर पुढच्या माणसाला त्याच कागदासकट जाईल. दुसरा पर्याय पण देतो, कारण खरं सांगायचं तर पातं मला आवडलंय, दोन्ही पाती अजून टकाटक वाजून बंद होतात, स्प्रिंग मस्त आहे. ‘१९१० नंतरचा, मूठ नंतर बदललेली’ असं दुरुस्त बिल द्या, किंमत ४,००० धरा, बाकीचे १०,५०० परत करा, चाकू मी ठेवतो. सुईच्या डागाचे वेगळे मागत नाही.

महिन्याभरात काहीच झालं नाही तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवून पुढे ग्राहक आयोगात जाईन, टॉर्चचे फोटो आणि तुमचा सुईचा व्हिडिओ दोन्ही लावून. आणि कृपया उत्तर ईमेलवरच द्या, चॅटवर नको.

आपला,
एक ग्राहक, पुणे
(ऑर्डर नंबर आणि मोबाइल इनव्हॉइसवर आहे)