आधी विहिरी तपासा, मग जमिनीत औषध सोडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या आवारात वडिलांनी बांधून घेतलेली चाळीस फुटांची विहीर आहे. नळ आल्यापासून तिचं पाणी झाडांना, धुण्याला आणि उन्हाळ्यात कूलरला. गेल्या वर्षी मार्चअखेर कूलर सुरू केला आणि घरभर पेट्रोलचा वास सुटला. जवळची एक जमिनीखालची टाकी गळत होती. ती कोणाची, हे इथे सांगत नाही. गळती मान्य झाली, टाकी दुरुस्तही झाली. मग जमिनीतलं पाणी जागच्या जागी साफ करायला ठेकेदाराची माणसं आली. उपसा नको, खोदकाम नको, दोन बोअर मारून औषध सोडायचं. डब्यात काय आहे, असं मी विचारलं. उत्तर आलं, "सर, कंपनीचा फॉर्म्युला आहे."

आठ दिवसांनी शेजारच्या विहिरीचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा फॉर्म्युला कळला. पस्तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलंय. पोटॅशियम परमँगनेट ओळखायला मला प्रयोगशाळा लागत नाही. पूर्वी कॉलऱ्याच्या साथीत विहिरीत टाकायचे तीच ही लाल दवा.

औषधाला माझा विरोध नाही. दूषित पाणी वर्षानुवर्षं उपसत, गाळत बसण्यापेक्षा ते जमिनीतच निवळवणं पुष्कळदा स्वस्त आणि शहाणपणाचं असतं. परमँगनेट काही औद्योगिक द्रावकांचं विघटन करतं. लोखंडाचा चुरा भरलेल्या चरातून पाणी वाहू दिलं, तर विषारी क्रोमियमला आळा बसतो. मळी किंवा खाद्यतेल सोडून जमिनीतल्या जिवाणूंनाही कामाला लावता येतं. पण पेट्रोलमधल्या बेन्झिनवर परमँगनेटचा फारसा परिणाम होत नाही, म्हणजे आमच्याकडे औषधच चुकीचं होतं. शिवाय पेट्रोल पाण्यावर तरंगतं. आधी तो तवंग काढायचा, हे साधं काम कोणी केलंच नाही.

योग्य औषधाचीही दुसरी बाजू असते. परमँगनेट मातीतल्या निरुपद्रवी क्रोमियमचं घातक, सहा संयुजेचं क्रोमियम करू शकतं. मळी सोडली की जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात आणि खडकात बसून राहिलेलं लोह, मँगनीज, कुठे आर्सेनिकही पाण्यात उतरतं. ट्रायक्लोरोइथिलीन या औद्योगिक द्रावकाचं विघटन अर्ध्यावर थांबलं, तर त्याहून वाईट असं व्हिनाइल क्लोराइड मागे राहतं. यातलं बरंचसं काळाच्या ओघात निवळतं, पण तोवर ते पाणी कोणाच्या बादलीत जातंय, हे कोणीतरी बघायला नको का?

नागपुरात तर ते जास्तच बघायला हवं. पुस्तकातले नकाशे वाळूचे असतात, पाणी एका दिशेने संथ सरकतं. आपल्याकडे पश्चिमेला दख्खनचा काळा बेसाल्ट आणि पूर्वेला नाईस नावाचा जुना, कठीण खडक. दोन्हींत पाणी भेगांतून धावतं. दहा फुटांवरची विहीर कोरी राहील आणि दोनशे फुटांवरची गुलाबी होईल. आमच्या गल्लीत नेमकं तसंच झालं. म्हणून औषध सोडण्याआधी आसपासच्या विहिरी आणि बोअर मोजून नकाशावर घ्या, पाण्याचे नमुने मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमध्ये तपासा आणि काम संपल्यावरही काही वर्षं तपासत राहा. वास गेला म्हणजे पाणी शुद्ध झालं, असं नसतं.

कायदा नाही असंही नाही. 1974 च्या जल प्रदूषण कायद्यात 'प्रवाहा'च्या व्याख्येत भूमिगत पाणीही येतं आणि विहिरीत दूषित करणारा पदार्थ सोडायला त्यात मनाई आहे. आता 2025 मध्ये केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम आणले आहेत. संशयित जागांची माहिती जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी द्यायची आणि सफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून घ्यायचा. घनकचऱ्याच्या डेपोंचं प्रदूषण मात्र त्यातून वगळलंय. भांडेवाडीच्या कचरा डेपोशेजारच्या लोकांनी आता कोणाकडे जायचं, ते नियम करणाऱ्यांनीच सांगावं!

नीरी ही राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्था आपल्याच शहरात आहे, केंद्रीय भूजल मंडळाचं कार्यालयही इथेच आहे. तज्ज्ञ शोधायला नागपूरकरांना मुंबई-दिल्ली गाठावी लागत नाही. जिल्हा प्रशासनाकडे माझी मागणी एवढीच आहे: जिथे जिथे जमिनीत औषध सोडलं जाईल, तिथे औषधाचं नाव, मात्रा आणि तारीख मराठीत लिहिलेला फलक लावा आणि तपासणीचे आकडे वस्तीच्या हाती द्या. "कंपनीचा फॉर्म्युला" हे उत्तर चालणार नाही, हे परवानगीतच लिहा.

निरीक्षणासाठी माझी विहीर हवी असेल तर खुशाल घ्या. फाटकाची किल्ली समोरच्या किराणा दुकानात असते. दुपारी एक ते चार मात्र दुकान बंद असतं.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, नागपूर